सूज उतरली

माझा मोठा भाऊ जन्मभर फिटर होता. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात त्यानं गाड्या जुळवल्या, आणि त्या कामात एक पद्धत त्याच्या हाडीमांशी भिनली. इंजिन कुरकुरायला लागलं की एकेक पार्ट बाजूला काढायचा आणि ऐकायचं. ज्याच्या जाण्यानं आवाज थांबला, तो चोर. अशी कितीतरी इंजिनं त्यानं ताळ्यावर आणली. रिटायर झाल्यावर हीच पद्धत त्यानं स्वतःच्या शरीराला लावली. त्याला अडवायला मी एकटाच होतो. मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलं आहे, पण घरात त्याचा उपयोग शून्य.

दादाला साखर होती, बीपी होतं, आणि दोघांनी मिळून त्याच्या किडन्या पोखरायला घेतल्या होत्या. गेल्या वर्षी पाय सुजायला लागले. जरा मोठं दुखणं आलं की जबलपूरची मराठी घरं नागपूरची वाट धरतात. तिथल्या डॉक्टरशी आपल्या भाषेत बोलता येतं, एवढं त्यांना पुरतं. आम्हीही गेलो. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, सूज थोडी बीपीच्या गोळीमुळे असेल, थोडी किडनीमुळे, थोडी खाण्यातल्या मिठामुळे. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, तपासण्या करून परत या, मग हळूहळू बदलू. मला त्याचं कौतुक वाटलं. असं 'थोडं, थोडं' म्हणणारे डॉक्टर हल्ली मिळत नाहीत.

दादाचं तोंड मात्र उतरलं. परतीच्या वाटेवर जबलपूरच्या अलीकडे तिलवाऱ्याचा पूल लागला. वहिनीनं खिडकीतून नर्मदेत नाणं टाकलं, हात जोडले, तेव्हा दादा म्हणाला, "इतक्या दूर गेलो अन् याला पक्कं काहीच माहीत नाही."

"अरे, माहीत आहे म्हणूनच तो असं सांगून राहिला," मी म्हणालो. "एक कारण नसतंच रे याला."

"काहून नसते? बिघाड आहे म्हणजे कारण आहे. चलो, मी शोधतो."

आणि त्यानं शोधायला घेतलं. त्याच्या गोळ्या वहिनी रोज सकाळी एका डबीत काढून ठेवायची. दादा सांगायचा, आज ही नको. काही दिवस वाट बघायची, फरक पडला नाही की ती परत सुरू आणि दुसरी बंद. असं करता करता बीपीच्या गुलाबी गोळीची पाळी आली. ती बंद झाली आणि सूज उतरली.

त्यानं मला मुद्दाम फोन करून बोलावलं. व्हरांड्यात खुर्चीवर बसून पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि नडगीवर अंगठा दाबून दाखवला. "बघ, पडते काय खड्डा? सापडला ना चोर!"

खड्डा खरंच पडत नव्हता. तो साफ चुकला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो अर्धा बरोबर होता, आणि अशा माणसाला कोण हरवणार! मी सांगितलं की बीपी दुखत नाही, ते चढलेलं कळत नाही, सूज उतरली म्हणजे धोका उतरला असं नाही. निदान दुसरी गोळी तरी लिहून आणू या. माझं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होत होतं. आणि त्याचे पाय तर सगळ्यांना दिसत होते.

वहिनी चहा घेऊन आली. "भाऊजी, चांगले आहेत ना ते आता? मग काहून घाबरवून राहिले तुम्ही?"

मला इतका राग आला की चहा न घेता निघालो. नंतरही जात राहिलो, बोलत राहिलो. पुढे पुढे मी फाटकातून आत येताना दिसलो की दादा टीव्हीचा आवाज वाढवायचा. लोकांना खोटं आवडतं असं मला वाटत नाही. त्यांना मुठीत मावेल असं काहीतरी हवं असतं, आणि खरं तेवढं लहान कधी नसतं. हे मला कळत होतं, पण त्या कळण्यानं ती गोळी काही दादाच्या पोटात गेली नाही.

थंडीत एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता तो पलंगावर असतो. सगळ्यांकडे बघतो आणि डाव्या हातानं चादर चाचपत राहतो. तो यातून उठणार नाही. हे मला माहीत आहे आणि वहिनीलाही.

परवा स्वयंपाकघरात तिनं मला थांबवलं. हातातली पेजेची पातेली तशीच धरून हळूच म्हणाली, "भाऊजी, ती गोळी डबीतून मीच काढत होती रोज. माझ्यामुळं झालं का हे?"

खरं उत्तर मला येत होतं. थोडं गोळीमुळे, थोडं इतक्या वर्षांच्या साखरेमुळे, किडनीमुळे, कदाचित थंडीमुळे, थोडं त्याच्या हट्टामुळे. आणि थोडं तिच्या हातानं. गोळी चालू असती तरी झालंच नसतं असंही नाही. हे सगळं तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं.

"नाही वहिनी," मी म्हणालो, "नशिबात होतं."

तिनं लगेच मान हलवली. "हो, नशीबच," म्हणाली, पदरानं डोळे पुसले आणि पेज गाळायला घेतली. वर्षभर मी खरं सांगत होतो, तेव्हा एकदाही तिची मान हलली नव्हती.