ढोलकीच्या जागी एक शब्द होता

टँकरच्या केबिनमध्ये रेडिओ मोठ्याने लागला होता. एका गाजलेल्या गाण्यात आमच्या पुढाऱ्याच्या भाषणाचे तुकडे बसवले होते. "घरोघरी पाणी देणार!" असं तो गरजायचा आणि लगेच ढोलकी कडाडायची. हंडे घेऊन रांगेत उभे असलेले लोक माना डोलवत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सभेला मी होतो. तिथे या वाक्यानंतर ढोलकी नव्हती, शेजारच्या शांताकाकू उठून ओरडल्या होत्या, "कधी?" नेमका तोच शब्द कापून या हलकटांनी तिथे ढोलकी घुसवली. खोटं बोलणारा एक वेळ परवडला, त्यावर ठेका धरायला लावणारा नको.

काकू माझ्यापुढेच उभ्या होत्या. रिकाम्या हंड्यावर बोटं नाचवत म्हणाल्या, "काय झकास वाजवतात रे!"