नळीचे दूध आणि अक्काचे हात

सावद्याच्या स्टेशनात मालगाडीचा डबा केळीने भरताना वडील डोक्यावर पडले, त्या वर्षी मी बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घरातली ती पहिली पदवी. केळीचे घड वाहून त्यांनी मला शिकवले होते, आणि आता ते जळगावच्या दवाखान्यात, सिस्टरच्या टेबलाजवळच्या खाटेवर बेशुद्ध पडले होते. नाकातून पोटापर्यंत रबरी नळी घातलेली. दर तीन तासांनी तिच्यातून साखरेचे दूध किंवा वरणाचे पाणी द्यायचे. त्याआधी मोठ्या पिचकारीने ओढून, मागचे किती उरले ते पाहायचे. हे काम सिस्टरने मला शिकवले. "तुम्ही शिकलेले आहात, आकडा नीट लिहाल," त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे.

चौथ्या दिवशी पोट ताणून कडक झाले. दिलेले दूध जवळजवळ सगळे परत येऊ लागले. डॉक्टरांनी पोटावर बोटे वाजवून पाहिली आणि मला बाजूला घेतले. "पोट चालत नाही. असेच राहिले तर दूध थांबवावे लागेल. नुसत्या सलाइनवर हे शरीर किती तग धरेल, सांगता येत नाही."

त्याच संध्याकाळी धुळ्याकडच्या गावाहून वडिलांची थोरली बहीण आली. तिला सगळे अक्का म्हणत. दुपारी मी अंघोळीला आणि जेवायला धर्मशाळेत जाई, तेवढा वेळ ती खाटेशी बसे आणि दुपारचे दूधही तीच देई. दुसऱ्याच दिवसापासून चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. सकाळी भांडेभर दूध परत येई, संध्याकाळी मात्र चार-दोन चमचे.

आनंद व्हायला हवा होता, पण मला संशय आला. अक्का गावात लोकांची पोटे चोळायची. तिच्याकडे पुड्या असत, अंगारे असत. ही नळीतून काही घालते का? की दूध मोरीत ओतून मोकळी होते? मी मोरी पाहिली. ती पाणी आणायला गेली तेव्हा तिची पिशवीही चाचपली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एरंडेलाची बाटली सापडली. मग पिचकारी नाकाशी नेली. तोच वास.

"अक्का, नळीतून एरंडेल दिलंस?"

"नई रे भाऊ."

"मग पिचकारीला वास कसला?"

तिने पिशवी ओढून मांडीवर घेतली. तेवढ्यानेच माझी खात्री झाली. मी सिस्टरना सांगितले, आणि अक्काला खाटेजवळ बसायची बंदी झाली. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

दोन दिवस दुपारी मीच बसलो. पोट पुन्हा कडक झाले, दूध पुन्हा भांडेभर येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून दूध बंद."

मी पायरीवर गेलो. "अक्का, तू काय करत होतीस ते सांग."

"पोट चोळतांना कोन्ही देखू नई, कोन्ही इचारू नई. सांगं ते गुन जास," ती म्हणाली. सांगितले की हाताचा गुण जातो, अशी तिची समजूत. "आनि तू ते साहेब व्हयना! माले पोलिसना मायक इचारस." मी पोलिसासारखे विचारले, हे तिला लागले होते.

मी हे डॉक्टरांना सांगितले. ते हसले नाहीत. "वरूनच चोळतात ना? माझ्यासमोर चोळू दे."

अक्काने पडदा ओढला. "डाक्टर थांबोत. तू भायेर जाय, तुनी नजर वाईट शे."

मी बाहेर गेलो, पण फटीतून पाहत राहिलो. तळव्याला तेल लावून ती पोटाच्या उजव्या बाजूने खालून वर, बरगड्यांखालून आडवा, मग डावीकडून खाली असा हात फिरवत होती. पुन्हा पुन्हा, अगदी सावकाश. मग सिस्टरने पिचकारी पुढे केली आणि अक्काने ती त्याच तेलकट हातात धरली. वास कुठला होता ते तेव्हा कळले.

"जोर कमी," डॉक्टर म्हणाले. "दूध दिल्यावर तासभर हात लावायचा नाही. आणि पिचकारी हात धुऊन धरायची. आणखी दोन दिवस दूध चालू ठेवू."

तरी माझा संशय गेला नाही. पोट आपोआपच सुरू होत असेल, असे वाटे. मी आकडे लिहीतच होतो. ते उतरत होते, पण कशाने, हे त्या कागदावरून मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्याआड पोटाची गडगड ऐकू आली. अक्का माझ्याशी बोलत नव्हती. तिने पडदा बाजूला केला.

"लिखानं ऱ्हाऊ दे, साहेब! संडासनं भांडं लई ये, बेगीन!"

मी धावलो. भरलेले भांडे धुऊन परत येईपर्यंत सिस्टरने पुढचे दूध कोमट करायला ठेवले होते.