ईरप्पा गप्प राहिला

उचगावच्या ईरप्पानं तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. त्याच्या पॅटर्नवरून वाळूत साचा उठायचा आणि साच्यात वितळलेलं बीड ओतलं जायचं. हातात कसब होतं, पण तोंड भारी कडू. मुलगा सोमेश शाळेत असताना रंधा वाकडा मारला म्हणून त्यानं पोराला चार लोकांत मुस्काडलं होतं. सोमेशनं ते मनात ठेवलं.

२००६ साली सोमेशनं नोकरी सोडली आणि शेडमध्ये स्वतःच्या हातानं सीएनसी यंत्र उभं केलं. कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं. वर्षभरात बापाचं काम बंद पडलं. मग सोमेशनं त्याचे रंधे आणि पटाशा पोत्यात भरून त्याच्या डोळ्यांदेखत भंगारात घातल्या. एक पोलादी पट्टी तेवढी भिंतीवर खिळ्याला होती म्हणून वाचली.

पुढं एका मोठ्या फौंड्रीचं काम आलं. हा एक पॅटर्न जमला तर बाकीचे सगळे सोमेशकडे येणार होते. फसला तर शेडला कुलूप. काम सफाईदार व्हावं म्हणून त्यानं यंत्रातला साधा आट्यांचा रॉड काढून छऱ्यांवर फिरणारा बॉलस्क्रू बसवला. रॉड एका फेऱ्यात दोन मिलिमीटर सरकवायचा, हा पाच. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये मिलिमीटरला मोटारीचे दोनशे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, होते, ते ऐंशी करायचे. त्यानं केले, आणि बरोबर केले. खात्रीसाठी यंत्राला पाचशे मिलिमीटर सरकवलं आणि मोजायला भिंतीवरची पट्टी काढली. चारशे पंच्याण्णव भरले.

ईरप्पा दारातच बसला होता. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा मिलिमीटर मुद्दाम जरासा मोठा आखलेला असतो. त्याला बघताक्षणी कळलं.

"सोम्या, ती पट्टी..."

"गप बसा, आप्पा. ह्यातलं तुमास्नी काय कळतंय?"

फौंड्रीची दोन माणसं समोर उभी होती. ती फिदीफिदी हसली.

ईरप्पा गप्प बसला. यंत्रच कमी सरकतंय असं समजून सोमेशनं ऐंशीचे ऐंशी पॉइंट आठ केले. फौंड्रीच्या ड्रॉइंगमध्ये आकसण आधीच धरलेली होती. आता ती दोनदा धरली गेली.

फौंड्रीनं घाईत वीस नग ओतले, एकाचंही भोक जुळेना. त्यांच्या माणसांनी पॅटर्न शेडच्या दारात आणून आपटला. सोमेशनं आठ दिवस वायरी तपासल्या, स्क्रू उघडला, जेवण सोडलं. नवव्या दिवशी तो बापाचे पाय धरून ढसाढसा रडला. "काय चुकतंय, आप्पा? एकदा तुमी बघा की."

एका वाक्याचं काम होतं. ईरप्पानं यंत्राभोवती सावकाश फेरी मारली, वाकून पाहिलं, स्क्रूवर बोट फिरवलं. आयुष्यात इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मला न्हाय बा उमगत," तो म्हणाला.

यंत्र भंगारात किलोवर गेलं. सोमेश त्याच फौंड्रीत ग्राइंडर मारायला लागला. काळाठिक्कर होऊन घरी येतो, बापाला विचारल्याशिवाय ताटावर बसत नाही, मान वर करून बोलत नाही. ईरप्पाला मुलगा असाच हवा होता.