बर्फ सांभाळणारी माणसं, मुक्काम शारजा

शारजाहून दुबईला कामाला जायचं म्हणजे जाताना सव्वा तास ट्रॅफिक, येताना दीड तास. त्यात लतीफभाई आणि मी एकाच गाडीत. दोन माणसं रोज एवढा वेळ एकमेकांच्या शेजारी अडकून पडली की एकतर भांडण होतं, नाहीतर किस्से जमतात. आमचं भांडण एसीवरून एकदाच झालं. बाकी सगळे किस्सेच!

आमचं काम म्हणजे बर्फ सांभाळणं. शहराबाहेर एक छोटा इनडोअर स्की-स्लोप आहे. आत उणे दोन, बाहेर सत्तेचाळीस. मी मेंटेनन्स आणि सेफ्टीचा मॅनेजर, लतीफभाई माझे हेड टेक्निशियन. मी पुण्याचा, ते दापोलीचे. दोघांनीही नोकरीला लागेपर्यंत घसरायचा बर्फ पाहिला नव्हता.

*

लतीफभाईंचा इंटरव्ह्यू आमच्या कॅनेडियन बॉसने घेतला. ब्रायन त्याचं नाव. लहानपणापासून बर्फातच वाढलेला, त्यामुळे त्याने पहिलाच प्रश्न टाकला, “बर्फाचा अनुभव किती?”

“वीस वर्षं, सर. मासळीचं कोल्ड स्टोरेज, शारजा इंडस्ट्रियल एरिया.”

ब्रायन हसला. म्हणाला, “पण इथे माणसं असतात.”

“तेवढाच फरक, सर,” लतीफभाई म्हणाले. “आमचं गिऱ्हाईक हलत नव्हतं.”

ब्रायनने तिथेच ऑफर लेटर काढलं.

*

पहिल्याच ऑगस्टमध्ये माझ्या पायाची दोन बोटं निळी-जांभळी झाली. हट्टाने साधे बूट घालून आत फिरत होतो, दुसरं काय! शारजातल्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरीणबाई केरळच्या. त्यांनी बोटं पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं.

“हे थंडीने झालंय,” त्या हिंदीत म्हणाल्या. “फ्रीजमध्ये पाय ठेवला होता का?”

“हो,” मी म्हटलं. “रोज आठ तास.”

त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

*

आगीची ड्रिल वर्षातून दोनदा घ्यावीच लागते. ब्रायनने एकदा ती जुलैत ठेवली, तीही भर दुपारी. मी सांगून पाहिलं, पण त्याचं म्हणणं, “आग काय महिना बघून लागते?”

अलार्म वाजला. जाड जॅकेटं, लोकरी मोजे, हेल्मेट घातलेले साठ-सत्तर गेस्ट शिस्तीत इमर्जन्सी दारातून पार्किंगमध्ये आले. ब्रायनने स्टॉपवॉच बंद केलं, खूश होऊन म्हणाला, “एक्सलंट टाइम!”

वळून पाहतो तर पार्किंग रिकामं. सगळी मंडळी परत आत! दारात एक गुजराती काका लतीफभाईंना म्हणत होते, “भाई, आग चलेगी. बाहर नहीं जाएँगे.”

*

ब्रायनला अरबी शब्दांची भारी हौस. ‘यल्ला’ म्हणजे चला, ‘खलास’ म्हणजे झालं, संपलं. एवढ्या भांडवलावर तो रेडिओवर बोलायचा. एकदा त्याने चेअरलिफ्टची, म्हणजे माणसांना उतारावर वर नेणाऱ्या लोंबत्या खुर्च्यांची, पाहणी केली, सगळं ठीक निघालं आणि आनंदाने रेडिओवर म्हणाला, “लिफ्ट, खलास!”

ऑपरेटर बिचारा आज्ञाधारक. त्याने लिफ्ट बंद केली. ब्रायन लिफ्टवरच होता.

कंट्रोल रूममध्ये मी सही केलेली नोटीस अजून आहे: ‘रेडिओवर खलास म्हणू नये.’

*

माझ्या मुलीला शाळेत विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, “माय बाबा रिपेअर्स विंटर.”

टीचर म्हणाली, “देन टेल हिम टू हरी अप!”

*

आणि आई आली होती तेव्हाचं सांगतो. आई बहात्तर वर्षांची. साडीवर आमचं निळं जॅकेट चढवून ती चेअरलिफ्टवर बसली. शेजारी एक वयस्कर इमिराती गृहस्थ, कंदुऱ्यावर, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या पायघोळ झग्यावर, तसंच निळं जॅकेट. दोघं निघाले आणि बरोबर मधोमध लिफ्ट थांबली. सेन्सरने फॉल्ट दाखवला होता.

नियम माझाच: कारण सापडल्याशिवाय लिफ्ट पुन्हा चालू करायची नाही. रीसेटचं बटण माझ्या हाताखाली होतं. वर बघितलं तर आईचे पाय लोंबकळताना दिसत होते.

ब्रायन शेजारी आला. म्हणाला, “तुझी आई आहे. मी डोळे मिटतो.”

फार मोह झाला. पण मी हात खिशात घातला. लतीफभाई तोवर खांबावर चढलेच होते. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मला थंडी वाजली नाही, घाम फुटला. शेवटी रेडिओवर आवाज आला, “साहेब, सेन्सरवर बर्फाचा गोळा बसला होता. काढला. हळू सोडा.”

मी धावत वरच्या स्टेशनवर गेलो. आई उतरली, छान हसत.

“भला माणूस आहे रे,” ती म्हणाली. “बायको गेली गेल्या वर्षी. डावा गुडघा धरतो. धाकटा मुलगा मात्र काही ऐकत नाही त्याचं.”

“आई, त्यांना मराठी येत नाही. हिंदीही नाही. आणि तुला अरबी येत नाही!”

“हो का?” आई म्हणाली आणि जॅकेटची चेन काढायला लागली.

एवढ्यात त्या गृहस्थांचा मुलगा तरातरा माझ्याकडे आला. आता तक्रार येणार म्हणून मी फॉर्म आणि पेन काढलं.

“सर,” तो इंग्रजीत म्हणाला, “माझे वडील विचारतायत, तुमच्या आईंनी सांगितलेली मेथी आधी भाजायची, की नुसती रात्रभर भिजवायची?”