समुद्रापुढची टिक

नकाशाच्या क्लासमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. रोज कुणाचं तरी गाव हरवतं, कुणाचा रस्ता विहिरीत जातो आणि संध्याकाळी टपरीवर चहा येईपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. आमच्या मालवणच्या क्लासचे तर इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो. हसवणारे आधी सांगते. ते लवकर संपतात.

मी बेंगळुरूला शिकून परत आले ती आपला किनारा वाचवायचाच, अशा जोशात. त्यासाठी डिजिटल नकाशे करता यायला हवेत, म्हणून एका दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या वर्षभराच्या कोर्सला नाव घातलं. शिकवायला परब सर. माझ्या एका बाजूला आग्नेल, ज्याचं तोंड फक्त जेवताना बंद असायचं. तेही अर्धंच! दुसऱ्या बाजूला सुजित, खाडीच्या तोंडावरच्या वाडीतला, गरजेपुरतं बोलणारा.

*

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. रस्त्यांचा लेयर वेगळा, घरांचा वेगळा, समुद्राचा वेगळा. नावापुढे टिक केली की लेयर दिसतो, काढली की जातो."

पाचच मिनिटांत आग्नेल ओरडला, "सर, माझो समुद्र गेलो!"

ऑफिसातली मराठी बोलणारे सर मान वर न करता मालवणीत म्हणाले, "जातलो खंय? टिक कर, येतलो परत!"

*

दुसरा किस्सा माझाच. धामापूरचं आमचं घर नकाशावर टाकायचं होतं. मी अक्षांशाच्या जागी रेखांश घातले आणि घर जाऊन पडलं नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात.

"बेंगळुरात ह्याच शिकलंस?" आग्नेल म्हणाला. "आवशीक फोन कर गो. सांग, स्वेटर घालून खळ्यात जा!"

आवस म्हणजे आई आणि खळं म्हणजे आमचं अंगण. पुढे महिनाभर मला क्लासमध्ये कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे "गो नॉर्वे" म्हणायचे.

*

आता सुजितच्या वाडीचं सांगते. तिथला किनारा दर पावसाळ्यात आत सरकत होता. लाटा अडवायला दगडी बंधारा मंजूर झाला होता, पण सरकारी नकाशावर तो वाडीच्या अलीकडेच संपत होता. कारण त्या नकाशावर वाडीत घरंच नव्हती. नुसती वाळू!

मी पेटून उठले. "आपण वाडीचा नकाशा करू. घरं दाखवू. बंधारा पुढे न्यावाच लागेल!" सरांनी तोच प्रोजेक्ट दिला. सुजितने फक्त विचारलं, "पावसाआधी होयत?"

*

फोनवर एकेक घर नोंदवत आम्ही वाडीत फिरत होतो. एक म्हातारे आजोबा मागेमागे. शेवटी त्यांनी विचारलंच, "राखणदाराची वाट घातलास काय रे?"

राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. दिवेलागणीनंतर तो ठरलेल्या वाटेने फिरतो आणि त्या वाटेत कुणी काही बांधत नाही. आमच्यात वाद सुरू झाला, त्याची वाट रेघेने दाखवायची की पट्टा काढून?

"रेघ काढा," सर गंभीरपणे म्हणाले. "आणि दोन्ही बाजूंनी बफर द्या. मध्ये कोणी येता कामा नये."

बफर म्हणजे ठरावीक अंतर सोडून आखलेली पट्टी. आजोबांना ते एकदम पटलं. त्यांनी काठीने वाट दाखवली. ती सरळ पाण्यात गेली.

"आजोबा, मग आता तो जातो कुठून?"

"थंयसूनच. ढोपराभर पाण्यातसून," आजोबा म्हणाले. "त्येका काय दुसरी वाट आसा?"

*

सुजितचं घर अगदी शेवटचं. त्याची आई, जयूकाकी, आमच्याआधी तयार. "ही बावडी घाल. हो माड सुजितचो, जल्माक इलो तेवा लायलेलो. हो माझ्या चेडवाचो. आणि थंय तो तिसरो, त्येंचो." चेडू म्हणजे मुलगी, आणि त्येंचो म्हणजे सुजितच्या वारलेल्या वडिलांचा. तिने बोट दाखवलं तिथे लाट फुटत होती.

"काकी, जे आज आहे तेच नकाशात घालतात," मी समजावलं.

"माड नाय, पण जागा आसा मां?"

मी डेटा म्हणजे काय यावर बरंच बोलले. काकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. क्लासमध्ये परतल्यावर पाहिलं तर सर नकाशात तिसरा माड घालत होते.

*

नकाशा घेऊन आम्ही बंधाऱ्याचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "रंग छान भरलेत!"

"साहेब, ही घरं आहेत. तुमच्या नकाशावर तिथे वाळू दाखवली आहे," मी म्हणाले.

"मग वाळूच असणार. आमच्या नकाशावर शिक्का आहे."

"साहेब," आग्नेल म्हणाला, "काल त्या वाळूनच आमका चाय पाजली!"

साहेब हसले. मी हसले नाही. मी भाषण केलं. कायदा, हक्क, हवामानबदल, सगळं! साहेबांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "पावसाळ्यानंतर बघू."

परतताना एसटीत सुजित खिडकीकडे बघून म्हणाला, "समुद्राक कोण सांगतलो, पावसाळ्यानंतर ये म्हणान?"

*

त्या पावसाळ्यात उधाणाच्या एका सकाळी सुजितचं घर गेलं. माणसं आधीच बाहेर काढली होती. सुजित दुपारी नेहमीच्या वेळेला क्लासला हजर!

सर गडबडले. "अरे, आज कशाला आलास? घरी जा."

"घरी म्हणजे खंय, सर?"

आग्नेलने आपला डबा त्याच्यापुढे सरकवला.

काही दिवसांनी किनाऱ्याची नवी रेघ आखायची वेळ आली. ती सुजितने स्वतःच आखली. समुद्राचा निळा लेयर घरावरून पुढे सरकला. "घर डिलीट करू?" त्याने विचारलं.

"नको," सर म्हणाले.

"मगे खाली ऱ्हवांदे."

*

शेवटी प्रोजेक्ट दाखवायचा दिवस आला. जयूकाकी आता नांदगावला बहिणीकडे राहत होती. तिथून ती रेल्वेने आणि पुढे एसटीने आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. सुजितने प्रोजेक्टरने भिंतीवर नकाशा लावला. जुनी रेघ, नवी रेघ, मधली गेलेली जमीन. मी माहिती सांगत होते.

"आमचा घर खंय?" काकीने मध्येच विचारलं.

सुजितने निळ्या रंगावर बोट ठेवलं. "ह्येच्या खाली."

"मगे ता निळा काढ."

सुजितने सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. त्याने समुद्रापुढची टिक काढली.

समुद्र गेला. घर आलं. बावडी आली, राखणदाराची वाट आली, तीन माड आले.

काकी उठली. खुर्ची ओढत भिंतीपाशी नेली आणि घरासमोर, खळ्यात बसावं तशी, आमच्याकडे तोंड करून बसली. भिंतीवरचा उजेड तिच्या लुगड्यावर पडला. पुढचा प्रोजेक्ट मागच्या बाकावरच्या पोरांचा होता, पण ती जागची हलली नाहीत.

"दार उघड रे कोणी," काकी म्हणाली. "वारो येवंदे."

आग्नेल उठला आणि त्याने दार उघडलं.