काशीची जोडवी

हे मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही — अन् आता तर हे राहिलेच नाहीत. बस अशी जवळ.

काशी माझी धाकटी जाऊ. देवासच्या घरात ती चालली की फरशीवर जोडवी वाजायची — माजघरातून परसात, परसातून माजघरात. मी ओरडायचे, "डोकं उठतं बाई तुझ्यानं, जरा टेक की!" ती हसायची अन् मुद्दाम पाय आपटायची. आता काय सांगू?

मुलासाठी तिचा नवस होता, म्हणून पहाडातल्या देवीला गेलो. पुरुषमंडळी सकाळी नदीवर न्हायला गेलेली. आम्ही दोघी न्हाऊन सोवळ्यात, धर्मशाळेच्या अंगणात मी नैवेद्याचं वरण चढवलेलं. तूप आणायला तिला आत धाडली — अन् जमीन हलली.

ते देवाचं. माझं पुढे आहे.

धूळ बसली तर काशी तुळईखाली. आमचं सामान वर आणलेला हमाल धावत आला. एकट्यानं तुळई सरकवली, दाराचा पल्ला उखडून आणला. म्हणाला, "माई, उठाना मत. इसी पे सरकाते हैं, सीधी की सीधी." जात कोणती, मी विचारलंसुद्धा नाही. ओरडले, "छूना मत! सोवळं है हमारा!"

काशी शुद्धीत होती. "येऊ द्या ना त्याला, अक्का," म्हणाली. अन् तिची पायाची बोटं हलत होती गं — दगडावर जोडवी वाजत होती. ऐकली मी. ह्या कानांनी.

तरी मीच तिच्या काखेत हात घातले अन् ओढून बसवली. ती वाकली — माणूस वाकू नये तिथून. एकदाच किंचाळली. मग जोडवी वाजली नाहीत.

मदतीच्या तंबूतल्या डॉक्टरानं विचारलं, कमरेचा मणका मोडलाय, हिला उठवलं कुणी? मी हमालाकडे बोट केलं. भाऊजींनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं पडलेलं पागोटं उचललं, माझ्याकडे पाहिलं, अन् गेला. काशी ऐकत होती. खरं काय ते बोलली नाही — तेव्हाही नाही, पुढे कधीच नाही.

देवासला खाटेवर आणली. कित्येक वर्षं मी तिची कूस बदलली, पाठीचे फोड धुतले, सगळं केलं. आळीतल्या बाया म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. का नाही बोलले? तोंड नव्हतं का मला? होतं की.

एकदा काशीच म्हणाली, "अक्का, जोडवी काढून ठेवा. उगी गप्प बसलीयत."

ती माझ्याजवळ आहेत. दुपारी घरात कुणी नसलं की फरशीवर आपटून बघते. वाजतात — पण तशी नाही. तिला मी मोडली, तुळईनं नाही. अन् अजून सैपाक करताना माझा कान परसाकडेच असतो.