घरमालकांचे नवे ब्रेक

माझ्या भिसेगावच्या घरमालकांइतका स्वतःच्या गाडीवर जीव आणि तिच्या ब्रेकवर अविश्वास असलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. भाताची जमीन विकून काकांनी मुंबईच्या एका शेठची जुनी विलायती गाडी घेतली होती. तिचे ड्रमब्रेक मनात आलं तर लागत, नाहीतर नाही. म्हणून काका एकटे कधी निघत नसत. बायको वारलेली, मुलगा नागपूरला. तेव्हा आम्हा भाडेकरूंपैकी कुणीतरी मांडीवर लाकडी ठोकळा घेऊन शेजारी बसायचं. चढावर गाडी थांबली की "उतरा वो!" अशी आरोळी येई, आणि आपण उडी मारून ठोकळा चाकामागे सारायचा. एकदा पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं आणि गाडी चौक गावच्या बाजारात एका भाजीवालीच्या पाटीसमोर नव्हे, पाटीवरच थांबली. काका शांतपणे उतरले आणि म्हणाले, "वांगी कशी दिलीस गं?" अख्खी पाटी घेतली, स्वतः कालवण रांधून आम्हा सगळ्यांना जेवू घातलं, आणि वाढताना इतके खुलले की मला वाटलं, हे ब्रेक बिघडलेलेच बरे.

पण पुढे बोरघाट उतरताना ब्रेक तापले, पेडल पार खाली गेलं. डोंगराच्या कडेला घासत काकांनी गाडी कशीबशी थांबवली. मी शेजारीच होतो. "यापुढे त्या गाडीत पाय ठेवायचा नाही," असं माझ्या बायकोनं बजावलं, आणि बघता बघता तो कायदा सगळ्या बिऱ्हाडांत लागू झाला.

थोड्याच दिवसांत काकांनी गाडी खोपोलीच्या मिस्त्रीकडे नेली. भंगारात निघालेल्या एका नव्या मॉडेलचे डिस्कब्रेक पुढच्या चाकांना बसवायचे ठरले.

"काका, गाडी फिरते ती कितीशी! कशाला ही यातायात?" मिस्त्री म्हणाला.

"मानसं बसत नाय रं हिच्यात," काका म्हणाले.

ब्रेक बसले. पाय टेकवताच गाडी जागच्या जागी उभी. काकांनी सगळ्यांना बोलावून ते करून दाखवलं. आम्ही वाहवा केली आणि आपापल्या घरी गेलो. ठोकळा धरायला आता कुणी लागत नव्हतं, आणि नुसतं बसायला कुणाला सवड नव्हती. काका एकटेच फिरून येत.

एका रविवारी मी आपणहून शेजारी जाऊन बसलो. काकांनी माझ्या बाजूची काच पुसली. लोधिवलीला चहा घेतला. परतताना ते इतकी हळू चालवू लागले की सायकलवालेही पुढे जायला लागले.

"काका, एवढे चांगले ब्रेक बसवलेत, दामटा की जरा!"

"दामटीन वो," समोर बघतच ते म्हणाले. "पन मंग भिसेगाव लगेच येल."